स्वीडिश शेजाऱ्यांकडे २४ डिसेंबरचं जेवण : काय नेऊ, काय खाऊ, काय करायचं नाही?

उप्सालाची_उमा | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. आम्ही स्वीडनमधे उप्सालाला चार वर्षं आहोत. शेजारी एक आजी-आजोबा राहतात (इथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं नावाने हाक मारताना माझी जीभ अजून अडखळते, म्हणून इथे आजीच म्हणते). त्यांनी या वर्षी आम्हाला २४ तारखेला घरी बोलावलंय. ऑफिसचं यूलबूर्ड म्हणजे ख्रिसमसचं बुफे जेवण दोनदा खाल्लंय पण ते हॉटेलात, कुणी बघत नाही तुम्ही काय वाढून घेताय ते. हे घरचं आहे, त्यांची मुलं नातवंडं सगळी असणार.

आमचा गोतावळा असा : मी सगळं खाते. नवरा शाकाहारी, अंडं चालतं. मुलगी सहा वर्षांची, तिला फक्त जिंजर बिस्किटं दिसतात. आणि सध्या सासू-सासरे आलेत साताऱ्याहून. डिसेंबरात का, तर मे-जूनमधे या म्हटलं तेव्हा म्हणाले आंबे सोडून कोण येतं. आता पावणेतीनला सूर्य मावळतो आणि सासरे रोज खिडकीशी उभे राहून हे काय चाललंय म्हणून बघतात.

कालच मुलीच्या शाळेत लुसियाचा सण झाला. पांढरे झगे, कमरेला लाल पट्टा, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट (बॅटरीवाला), आमचं ध्यान जिंजर बिस्किटाच्या वेषात सगळ्यात शेवटी. सासूबाई रडल्या. नंतर केशराचे पाव खाल्ले, लुस्सेकात्तर, एस आकाराचे आणि दोन्ही टोकांना एकेक मनुका, तर म्हणाल्या केशर चांगलं आहे पण पाव घशात अडकतो.

तर प्रश्न : सोबत काय नेऊ? मी गुलाबजाम करायच्या विचारात आहे. आणि तिथे काय केलं की लोक मनातल्या मनात नाराज होतात ते सांगा, कारण इथले लोक तोंडावर काही बोलत नाहीत.

---

खमंग_काकू | १४ डिसेंबर, रात्री १०:१५

गुलाबजाम न्याच, गोड कुणाला आवडत नाही!

---

मालमोचा_मल्हार | १४ डिसेंबर, रात्री ११:०२

उमाताई, बायको इथलीच आहे त्यामुळे अकरा यूल सासुरवाडीत काढलेत, अनुभवाने सांगतो.

१) वेळ. दीड म्हणजे दीड. एक पंचवीसला पोचलात तर बाहेर थांबा, इथली माणसंसुद्धा कोपऱ्यावर गाडीत बसून राहतात. बूट दारात काढायचे, हे आपल्याला शिकवायला नको.

२) सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. टेबलावर एकदम पंचवीस पदार्थ मांडलेले असतात आणि आपण भारतीय लग्नातल्यासारखं एका प्लेटमधे सगळं घेतो, ते करायचं नाही. पहिली फेरी हेरिंगची. सिल म्हणतात तिला, व्हिनेगर साखरेत मुरवलेली मासळी, कांद्याची, मोहरीची अशी चार पाच प्रकारची, सोबत उकडलेला बटाटा आणि अंडं. मग ती प्लेट बाजूला. दुसऱ्या प्लेटमधे सामन वगैरे थंड मासे. मग थंड मांस, त्यात मुख्य म्हणजे हॅम, वरून मोहरी आणि ब्रेडचा चुरा लावून भाजलेला. मग गरम पदार्थ, मीटबॉल्स, छोटे सॉसेज, यानसन्स. मग गोड. मी पहिल्या वर्षी हेरिंगच्या शेजारी मीटबॉल वाढून घेतला, सासऱ्यांनी फक्त माझ्या प्लेटकडे बघितलं आणि नवी प्लेट आणून दिली. एक शब्द नाही. अकरा वर्षं झाली, अजून आठवतं.

आपल्याकडे ताटात मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी डावीकडे भाजी उजवीकडे हे जसं आजीला डोळे मिटून कळतं तसंच समजा.

३) नवऱ्यासाठी सावधान : यानसन्स फ्रेस्तेल्से हा बटाटा, कांदा, क्रीमचा बेक केलेला पदार्थ बघून शाकाहारी वाटतो, तो नाहीये. आत मासे असतात. पाकिटावर आन्शोविस लिहिलेलं असतं म्हणून जगभरचे लोक अँचोवी घालून करतात आणि खारट करून ठेवतात, पण ते खरं तर मसाल्यात मुरवलेले स्प्रॅट नावाचे वेगळेच छोटे मासे असतात. लाल कोबी, बीटाचं सॅलड, अंडी, चीज, कडक क्रिस्पब्रेड, हे त्याचं जेवण. मुलीला गुलाबी-पांढरे स्पंजसारखे सांताक्लॉज देतील, यूलस्कुम म्हणतात, त्यात जिलेटिन असतं, घरात पाळत असाल तर लक्षात ठेवा.

४) गुलाबजाम नेऊ नका. सविस्तर उद्या, आता झोपतो.

---

खमंग_काकू | १५ डिसेंबर, सकाळी ७:३०

का बुवा नेऊ नका? इतकं काय ते.

---

मालमोचा_मल्हार | १५ डिसेंबर, दुपारी १२:२०

काकू, दिवाळीत पहिल्या आंघोळीनंतर आपण फराळाला बसलोय आणि नव्या शेजाऱ्याने लाझान्या आणून बरोब्बर मधे ठेवला, तर? कौतुक करू, खाऊ पण, पण चकलीशेजारी तो कुठे ठेवायचा हा प्रश्न राहतोच. त्या टेबलावर जे आहे ते दर वर्षी तेच असतं, आणि तेच असण्यात मजा आहे. सासूबाई एका वर्षी लाल कोबीऐवजी ब्रसेल्स स्प्राउट करून बसल्या होत्या, त्याची आठवण मेव्हणा अजून दर यूलला काढतो.

न्यायचंच तर हायसिंथचं फुलाचं कुंडं न्या, या दिवसात प्रत्येक दुकानात असतं. किंवा अलादीन चॉकलेटचा डबा. त्याचा पण नियम आहे, वरचा थर पूर्ण संपल्याशिवाय खालच्या थराला हात लावायचा नाही, मग वर ती कुणालाच न आवडणारी दोन उरली तरी.

---

कोपनहेगन_कट्टा | १५ डिसेंबर, संध्या. ६:४५

स्वीडिश लोकांचं बरंय, बुफे. आमच्याकडे डेन्मार्कात २४ च्या रात्री एकच ताट : भाजलेलं बदक किंवा कुरकुरीत सालीचं डुकराचं मांस, लाल कोबी, आणि साखरेच्या पाकात घोळवलेले छोटे बटाटे. हो, कॅरमल केलेले बटाटे. तव्यात आधी साखर वितळवायची, मग बटर, मग उकडून गार केलेले बटाटे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं बटाट्याचा सत्यानाश, आता मीच दोनदा वाढून घेते.

पण खरी गंमत नंतरची. रिसालामांद! दुधात शिजवलेला भात थंड करून त्यात फेटलेलं क्रीम, व्हॅनिला, बदामाचे काप, वरून चेरीचा गरम सॉस. नाव ऐकून फ्रेंच वाटेल, आहे पक्कं डॅनिश. पूर्ण भांड्यात एकच अख्खा सोललेला बदाम टाकतात, ज्याच्या वाटीत येईल त्याला बक्षीस, बहुतेक मार्झिपानचं डुक्कर. आता चतुराई अशी की बदाम मिळाला की गालात दाबून ठेवायचा आणि गप्प बसायचं. बाकीचे पोट फुटेस्तोवर खात राहतात. माझ्या सासऱ्यांनी एकदा पाऊण तास बदाम गालात ठेवला होता, बडबड्या माणूस अचानक गप्प झाल्यामुळे पकडले गेले.

मग जेवण झालं की झाडाभोवती हात धरून गोल गोल फिरत गाणी म्हणायची. झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात अजून बऱ्याच घरात, कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवून. आणि मोठे, टक्कल पडलेले, ऑफिसात गंभीर असणारे लोक हे सगळं मन लावून करतात. मला तर भोंडल्याचीच आठवण येते, फक्त मधे हत्तीऐवजी झाड.

---

नियमावली | १५ डिसेंबर, रात्री ८:१०

धाग्यात पुढे कुणीतरी फिनलंड आणेल म्हणून आधीच सांगतो, स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन. फिनलंड आणि आइसलंड धरले की नॉर्डिक म्हणायचं.

---

मालमोचा_मल्हार | १५ डिसेंबर, रात्री ८:१४

आणलं नव्हतं कुणी, तुम्हीच आणलंत :)

---

बर्गनकर | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

नॉर्वेचा माणूस नाही धाग्यावर असं कसं. आमच्या देशात २४ च्या जेवणावरून उभी फाळणी आहे. पूर्वेला ऑस्लोकडे रिब्बे, म्हणजे डुकराच्या बरगड्या, त्याची वरची साल पापडासारखी फुलली की नाही यावर त्या घरातल्या बाईची वर्षभराची इज्जत ठरते. आमच्या पश्चिमेला पिन्नेशॉट, मेंढीच्या बरगड्या मीठ लावून वाळवलेल्या. दक्षिणेकडे काही घरात ताजा कॉड. लग्न पूर्व-पश्चिम असं झालं की तह करावा लागतो, एक वर्ष हे एक वर्ष ते, किंवा २४ ला एक आणि ३१ ला दुसरं.

पिन्नेशॉटची कृती म्हणाल तर वेळखाऊ, पण अवघड अजिबात नाही. आदल्या दिवसापासून साधारण तीस तास थंड पाण्यात भिजत घालायचं म्हणजे मीठ उतरतं. मग मोठ्या पातेल्यात तळाला बर्च झाडाच्या साल काढलेल्या काड्या आडव्या-उभ्या रचायच्या, काड्यांच्या पातळीपर्यंत पाणी, वर मांस, आणि तीनेक तास मंद वाफ. आपण मोदकाला चाळणीवर हळदीची पानं ठेवतो ना, तसला प्रकार. सोबत स्वीड नावाच्या पिवळ्या कंदाचं लगदा भरीत. मी पहिल्या वर्षी स्वतः करायला गेलो आणि क्रिकेटची मॅच बघत बसलो, पाणी आटलं, काड्या करपल्या, मेंढीला धुराचा वास लागला. बायकोच्या वडिलांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले की काही गावात मुद्दाम धुरावलेलंच खातात. सज्जन माणूस.

संध्याकाळी पाचला चर्चच्या घंटा वाजतात, तेव्हा सण लागला. त्याच्या आधी दुपारी पांढरी तांदळाची पेज, लापशी म्हणा, दालचिनी साखर आणि मधोमध बटरचा गोळा.

आणि बिस्किटं सात प्रकारची झालीच पाहिजेत, स्यूव स्लाग म्हणतात. कोणती सात यावर दर घराचं वेगळं मत. त्यातलं एक आहे फात्तिगमान, शब्दशः 'गरीब माणूस', अंडी-क्रीम घालून केलेली पोळी लाटायची, शंकरपाळ्यासारखे चौकोन कातायचे, मधे चीर देऊन एक टोक त्यातून ओढून घ्यायचं आणि तळायचं. आणि त्यात काय घालतात, तर वेलची! पहिल्यांदा खाल्लं तेव्हा आईला फोन केला की तुझी शंकरपाळी इथे पोचलेत माझ्या आधी.

---

देवगडचो_झील | १६ डिसेंबर, रात्री ११:५०

बर्गनकर, ती पेज घरच्या कुणा भुताला पण ठेवतात असं वाचलेलं, खरं काय?

---

बर्गनकर | १७ डिसेंबर, सकाळी ८:०५

भूत नाही, निस्से. (स्वीडनात तोम्ते.) लाल टोपीचा दाढीवाला बुटका म्हातारा, गोठ्यात किंवा माळ्यावर राहतो, गुरं आणि घर सांभाळतो. २४ च्या रात्री त्याला वाडगाभर पेज ठेवायची, वर बटर पाहिजेच. जुनी गोष्ट सांगतात, एका घरी पोरीने गंमत म्हणून बटर तळाला लपवलं. निस्सेला वर बटर दिसलं नाही, तो चिडला आणि जाऊन घरातली सगळ्यात चांगली गाय मारून आला. मग परत येऊन पेज खाल्ली तर तळाशी बटर! इतका शरमला की शेजारच्या गावातून तशीच गाय चोरून आणून गोठ्यात बांधली.

---

देवगडचो_झील | १७ डिसेंबर, सकाळी ९:३०

मगे राखणदारच म्हणा की सरळ! आमच्याकडे वर्षातून एकदा त्याचा मान देऊचो लागता, गाऱ्हाणा घालूचा लागता. चुकला तर काय होता ते घरातलो म्हातारो सांगता. फक्त आमचो बटर मागणा नाय, त्याका कोंबो लागता.

---

मिनेसोटाची_मावशी | १७ डिसेंबर, रात्री ९:००

मी स्कँडिनेव्हियात नाही पण मिनेसोटात पंचवीस वर्षं आहे, म्हणजे जवळपास तेच. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतून लाखो लोक अमेरिकेत आले, त्यातले भरपूर या भागात शेती करायला. त्यांची पणतवंडं अजून चर्चच्या तळघरात लुटेफिस्कची जेवणं घालतात.

लुटेफिस्क म्हणजे काय ते जेवणाऱ्यांनी आत्ता वाचू नये. लोफोतेन बेटांवर कॉड मासे मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर फेब्रुवारीपासून वाळवतात, आपल्या वर्सोव्याला वलांडीवर बोंबील वाळवतात तसेच. लाकडासारखा कडक होतो. तो आधी पाण्यात भिजवायचा, मग चक्क लायच्या पाण्यात, म्हणजे कॉस्टिक सोडा, मग परत कित्येक दिवस पाणी बदलत धुवायचा, नाहीतर खाण्यालायक राहत नाही. शिजला की जेलीसारखा थरथरतो. चांदीचे चमचे काळे पडतात म्हणून वापरत नाहीत. मॅडिसन नावाचं गाव आहे इथे, स्वतःला लुटेफिस्कची राजधानी म्हणवतं आणि गावात भलामोठा फायबरग्लासचा कॉड उभा केलाय, नाव काय तर लू टी. फिस्क.

चव? चव वितळलेल्या बटरची. मासा निमित्तमात्र.

पण लेफ्से खा हो! बटाट्याची पातळ पोळी, लाटण्याला खाचा असतात, मोठ्या गोल तव्यावर भाजतात आणि लांब पट्टीसारख्या काठीने उलटतात. बटर आणि साखर लावून गुंडाळी. पोळीला तूप साखर लावून आईने हातात दिलेली गुंडाळी आणि यात मला तरी काही फरक वाटत नाही. चर्चमधल्या आज्यांनी मला लाटताना बघितलं आणि पुढच्या वर्षीपासून लाटायलाच बसवलं, तेव्हापासून सुटका नाही.

---

उप्सालाची_उमा | १८ डिसेंबर, रात्री १०:२०

बाप रे किती माहिती! सगळ्यांचे आभार. मल्हारदादा, हायसिंथ ठरलं. पण आज जिन्यात आजी भेटल्या आणि म्हणाल्या तुम्ही काही आणू नका, फक्त प्रत्येकाने ग्रोतरिम तयार ठेवा. मी हो हो केलं आणि घरी आले. काय असतं हे?

आणि खमंग काकू, लुस्सेकात्तर कोरडे होऊ नयेत म्हणून काही युक्ती? सासूबाईंना करून बघायचेत.

---

मालमोचा_मल्हार | १८ डिसेंबर, रात्री १०:४१

ग्रोत म्हणजे ती तांदळाची पेज, रिम म्हणजे यमक. पेज वाढून घ्यायच्या आधी प्रत्येकाने दोन चार ओळी जुळवून म्हणायच्या, टुकार चालतात, टुकारच चांगल्या. भेटवस्तूंच्या पुड्यावर पण असंच यमक लिहितात, आत काय आहे ते न सांगता सुचवायचं. थोडक्यात उखाणा! कुठलेही चार शब्द जुळवा. आणि स्वीडनमधे बदाम मिळाला की वर्षभरात लग्न होतं म्हणतात.

लुस्सेकात्तरसाठी पिठात केसेला घालतात इथे, क्वार्क चीज, दिसायला आणि चवीला आपला चक्का. केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं, साखरेबरोबर खलायचं, श्रीखंडाला करतो तसं. आणि भट्टीत जास्त वेळ ठेवू नका, ही खरी युक्ती.

---

खमंग_काकू | १९ डिसेंबर, सकाळी ७:१५

चक्का घालायचा म्हणजे मी सांगणारच होते :)

---

उप्सालाची_उमा | २७ डिसेंबर, दुपारी ४:३०

वृत्तांत द्यायला उशीर झाला, पोट अजून भरलेलं आहे.

दीडला बेल वाजवली. आजोबांनी दार उघडलं, लाल वास्कट. आत गेल्या गेल्या ग्लोग, गरम मसाल्याची वाइन, तळाशी बेदाणे आणि सोललेले बदाम. सासरे माळकरी, त्यांना बिनदारूचा दिला. मग टेबल. मल्हारदादा, तुमच्यामुळे वाचलो, सासऱ्यांनी पहिल्याच फेरीत सगळीकडे हात फिरवायला सुरुवात केली होती, मी कानात सांगितलं 'बाबा, पंगत आहे, आधी चटणी कोशिंबीर.' लगेच कळलं त्यांना.

हेरिंग मी चार प्रकारची खाल्ली. मुरवणीचं प्रमाण आजींनी सांगितलं, १-२-३ : एक भाग आत्तिका म्हणजे इथलं कडक व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी. कांदा, गाजर, ऑलस्पाइस, तेजपत्ता. सासूबाई मासे खात नाहीत पण प्रमाण वहीत उतरवून घेतलं, म्हणाल्या मुळ्याला चालेल. हॅम उकडलेल्या पाण्यात पाव बुडवून खायची पद्धत आहे, ते आजोबा उभ्यानेच, पातेल्याशी जाऊन, कुणाचं लक्ष नसल्यासारखं करत होते. नवऱ्यासाठी आजींनी मासे न घालता वेगळा छोटा यानसन्स केला होता. त्यांच्या मुलाने ते बघून विचारलं, आई, म्हणजे मासे काढता येतात? मी चाळीस वर्षं ते वेचून बाजूला ठेवतोय.

तीन वाजता सगळं जागच्या जागी सोडून टीव्हीसमोर. १९६० पासून दर वर्षी या दिवशी तीनला डोनाल्ड डकचा तोच जुना डिस्नेचा कार्यक्रम लागतो, सगळ्यांना तोंडपाठ, पात्रांच्या आधी हे वाक्यं म्हणतात. मग आजोबा उठले आणि म्हणाले मी जरा पेपर घेऊन येतो. २४ तारखेला, अंधारात, पेपर. पाच मिनिटांनी दारावर थाप, लाल कोटातला तोम्ते, 'इथे कुणी चांगली मुलं आहेत का?' आमची मुलगी आधी घाबरली, मग वाकून बघून मोठ्याने म्हणाली, याने आजोबांची चप्पल घातलीय. मराठीत म्हणाली म्हणून वाचलो.

संध्याकाळी पेज. आजींनी सासूबाईंना ढवळायला बसवलं होतं, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, एकजण वेलचीची डबी दाखवते दुसरी मान हलवते. यात वेलची घालायची नाही असं शेवटी ठरलं असावं कारण चवीला नव्हती, पण सासूबाई अजून म्हणतात की चूक झाली. मग यमकं. सगळ्यांची झाली, नवऱ्याने स्वीडिशमधे काहीतरी भयंकर जुळवलं, आणि सासूबाईंची पाळी. पदर सारखा केला, उभ्या राहिल्या :

"दुपारी मावळतो सूर्य इथं, खिरीत घातला बदाम,
...रावांचं नाव घेते, सगळ्यांना माझा रामराम."

मी भाषांतर केलं. नवऱ्याचं नाव घेण्यासाठी यमक करतात हे ऐकून ते लोक इतके खूश झाले की आजींना पण घ्यायला लावलं, त्यांनी घेतलं, आजोबा हॅमसारखे लाल.

आणि बदाम कुणाला मिळाला असेल? सासूबाईंनाच. वय अडुसष्ट. वर्षभरात लग्न. सासरे म्हणाले कुणाशी ते आधी सांग, मी तसा बेत करतो.

---

कोपनहेगन_कट्टा | २७ डिसेंबर, संध्या. ५:१०

चप्पल!!! हसून मेले.

---

बर्गनकर | २७ डिसेंबर, रात्री ९:२५

मस्त वृत्तांत. जेवून उठताना ताक फ्योर मातेन, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणालात ना? आणि पुढच्या भेटीत ताक फ्योर सेनास्त, म्हणजे मागच्या वेळेबद्दल आभार. ते विसरलात तर मात्र खरंच मनात ठेवतात.

---

उप्सालाची_उमा | १४ जानेवारी, रात्री ८:५०

धागा वर काढतेय. काल १३ जानेवारी, इथे यूलचा शेवटचा दिवस, मुलं झाडावरचा उरलासुरला खाऊ लुटतात आणि झाड बाहेर. आजींकडे मुलीला बोलावलं होतं. (ताक फ्योर सेनास्त म्हटलं, बर्गनकर.) सासू-सासरे परवा गेले, तो बदाम सासूबाईंनी टिश्यूत गुंडाळून पर्समधे नेलाय.

मुद्दा असा की मी आजींना या दिवाळीला फराळाला बोलावलंय. दहा महिने आहेत पण त्यांनी आत्ताच विचारलं, कोणता पदार्थ आधी खायचा, क्रम काय? मी म्हटलं क्रम नसतो. त्यांचा विश्वास बसला नाही. खरंच नसतो ना?

---

खमंग_काकू | १४ जानेवारी, रात्री ९:०५

नसतो कसा? आधी चिवडा, मग चकली, शेवटी लाडू.

---

मिनेसोटाची_मावशी | १४ जानेवारी, रात्री ९:१२

काहीतरीच! आधी करंजी. गोडाने सुरुवात.

---

देवगडचो_झील | १४ जानेवारी, रात्री ९:२०

आमच्याकडे आधी गोडे फॉव. बाकी सगळा नंतर.